अजामिळाचा मुलगा

भाद्रपद वद्य षष्ठीला आमच्या अण्णांचं श्राद्ध असतं. त्या दिवशी दादा सकाळी आठच्या आत वाईत हजर. पुण्यातून पहाटे निघायचं, खंबाटकी ओलांडायचा, सुरूरच्या फाट्याला वळायचं. या रस्त्याने तो वर्षातून एकदाच येतो, पण त्या दिवशी उशीर म्हणून करत नाही. धोतर नेसतो, अपसव्य करतो, गुरुजी सांगतील तसं तिळाचं पाणी सोडतो. पिंड झाल्यावर कावळ्याचं पान घेऊन स्वतः गच्चीवर जातो. गेल्या वर्षी कावळा काही केल्या येईना. दादा डोक्यावर उपरणं घेऊन उन्हात उभा. गुडघा दुखतोय, रक्तदाबाची गोळी घ्यायची राहिलीय, तरी उभा. शेवटी मोठ्याने म्हणाला, "अण्णा, मागची भिंत दिवाळीच्या आत बांधून घेतो." तेव्हा कुठे एक कावळा कठड्यावर येऊन बसला.

खाली माजघरात आई होती. तिच्याजवळ तो थोडा वेळ बसला. त्यातला बराचसा "आई, मी कोण, सांग बघू" यात गेला. आईने त्याच्याकडे निरखून पाहिलं, हसली आणि म्हणाली, "तुम्ही गुरुजींबरोबर आलात ना? जेवल्याशिवाय जायचं नाही हं." दादा उठला आणि पानं मांडायला लागला.

संध्याकाळी तो निघाला तेव्हा मी म्हटलं, "महिन्यातून दोनदा तरी येत जा." तर म्हणाला, "सुमे, ती मला ओळखत नाही. मी येऊन गेलो हे तिला दहा मिनिटांनी आठवत नाही. मग मी आलो काय नि न आलो काय, तिला काय फरक पडणार आहे?"

माझी सगळी नोकरी शाळेत संस्कृत शिकवण्यात गेली. आमच्याकडे एक शिस्त असते: खंडन करायचं असेल तर आधी पूर्वपक्ष नीट मांडायचा, समोरच्याने मांडला असता त्याहून भक्कम मांडायचा. म्हणून दादाचं म्हणणं मी त्याच्या वतीने मांडते. नातं दोन टोकांवर उभं असतं. एका टोकाला कोणी उरलंच नसेल, तर दुसऱ्या टोकाने कुणाला धरायचं? ज्या बाईने त्याला वाढवलं ती तिच्या आठवणींसकट गेली. उरलंय ते शरीर. त्या शरीराची सोय तो करतो आहे. हे खोटं नाही. ब्यूरोच्या चोवीस तासांच्या बाईचे पैसे एक तारखेला माझ्या खात्यात येतात, औषधं, डायपर, न्यूरोलॉजिस्टची फी, कशातही त्याने कधी हात आखडता घेतला नाही. आता राहिलं ते येऊन बसणं. ते तिच्यासाठी की बघणाऱ्यांसाठी?

हा प्रश्न पळवाट आहे हे मला कळतं. पण पळवाट म्हणून विचारलेला प्रश्नही खरा असू शकतो. अमका माणूस म्हणजे त्याची स्मृती की आणखी काही, यावर आपल्याकडे दोन हजार वर्षं वाद झालेत. तेव्हा उत्तर द्यायचं तर नीट द्यावं.

आधी आईबद्दल. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. मी लग्न केलं नाही, मधल्या आळीतल्या या घरातच राहिले. त्यामुळे आई माझ्याकडे राहते असं कोणी म्हणत नाही, मीच आईकडे राहते असं म्हणतात. सुरुवात आमटीत दोनदा मीठ पडण्यापासून झाली. मग ती कृष्णाबाईच्या उत्सवाला घाटावर गेली आणि जो रस्ता आयुष्यभर तुडवला त्या रस्त्याने घरी परत येईना. वाण्याच्या पोराने आणून सोडलं. बी-१२ तपासलं, थायरॉइड तपासलं, कारण कधीकधी त्यांच्या कमतरतेनेही असं होतं आणि ते बरं करता येतं. तसं नव्हतं. एमआरआय झाला, आजाराचं नाव कळलं. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा एक मोठा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. म्हणजे आमच्यासारखी घरं गावोगाव आहेत, पण बोलताना लोक अजून "साठी बुद्धी नाठी" म्हणूनच विषय मिटवतात.

या आजारात अलीकडचं आधी जातं आणि जुनं मागे राहतं. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा ते एक माहितीचं वाक्य होतं. त्याचा अर्थ मला खूप नंतर उमगला. आईची नातवंडं गेली, मग अण्णांचा मृत्यू गेला, मग माझी नोकरी गेली, मग मीच गेले. आता मी तिची अक्का आहे, तिची कऱ्हाडची थोरली बहीण. पण माधव गेलेला नाही. माधव म्हणजे दादा. तो आठ वर्षांचा आहे, शाळेत गेलाय आणि अजून परत आलेला नाही. दादा म्हणतो ती मला ओळखत नाही. अरे, ती माधवला पक्की ओळखते. टक्कल पडलेल्या, पासष्टीच्या गृहस्थाला माधव म्हणायला तयार नाही, एवढंच. दुपारी ती शांत असते, वाती वळते, तांदूळ निवडते. बोटं काही विसरलेली नाहीत. मी सहस्रनामाची सुरुवात करून दिली तर पुढचे श्लोकच्या श्लोक म्हणते. पाच वाजले की मात्र अस्वस्थ होते. उठते, दाराशी जाते, कडी खडखडवते. "अंधार पडायला आला. माधव आला नाही. माधवा! ए माधवा!" आळीत सगळ्यांना ही हाक माहीत आहे. समोरच्यांकडे पाहुणे आले तर ते सांगून टाकतात, "काही नाही, त्या आजी मुलाला बोलावतात."

शास्त्राकडे वळते. दादाच्या पूर्वपक्षात एक गृहीतक आहे: आठवण आहे तोवर माणूस आहे. नैयायिकांनी आत्म्याच्या बाजूने जी प्रमाणं दिली त्यात हे खरोखरच आहे. काल ज्याने पाहिलं तोच आज हात लावून ओळखतो, म्हणजे पाहणारा आणि स्पर्श करणारा एकच कोणीतरी असला पाहिजे, असा न्यायसूत्रांतला युक्तिवाद आहे. स्मृतीवरून आत्म्याचं अनुमान करायचं, धुरावरून अग्नीचं करतात तसं. मग धूरच नाहीसा झाला तर? इथे माझे विद्यार्थी नेहमी चुकायचे. धूर आहे तिथे अग्नी असतो, याचा अर्थ धूर नाही तिथे अग्नी नाही असा होत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर मुळीच नसतो, हे उदाहरण तर्कशास्त्राच्या पहिल्या पुस्तकात येतं. म्हणजे खूण नाहीशी झाली यावरून खुणेचा धनी नाहीसा झाला हे सिद्ध होत नाही. उलट न्यायमतात संस्कार आत्म्यात राहतात. ते जागे करणारं काही मिळालं नाही तर आठवण होत नाही, एवढंच. पतंजली आणखी पुढे जातात. त्यांनी चित्ताच्या पाच वृत्ती मोजल्या, त्यांत प्रमाण, विपर्यय, विकल्प आणि निद्रा यांच्या पंगतीला स्मृतीही बसवली. या सगळ्या शांत झाल्या की पाहणारा आपल्या स्वरूपात राहतो, असं त्यांचं म्हणणं. मी काही आईला योग साधला असं म्हणत नाही. संध्याकाळी कडी खडखडवणारी बाई समाधीत आहे असं म्हणणं हा क्रूर विनोद होईल. एवढंच म्हणते, की आठवणी म्हणजे माणूस, हे मत आपल्या परंपरेने कधीच सरसकट मान्य केलेलं नाही. दादाने ते कुठून आणलं कोण जाणे. बहुधा भीतीतून आणलं असावं.

मतं राहू देत. "तिला काय फरक पडतो" याचं एक साधं उत्तर अनुभवातूनही मिळतं आणि प्रयोगशाळेतूनही. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना काही दुःखाचे आणि काही आनंदाचे चित्रपटांचे तुकडे दाखवले. थोड्या वेळाने विचारलं, तर काय पाहिलं ते त्यांना फारसं सांगता येईना. पण दुःखाचा तुकडा पाहिलेले दुःखी होते आणि आनंदाचा पाहिलेले खूष होते. प्रसंग पुसला गेला होता, भाव राहिला होता. मला हे वाचून नवल वाटलं नाही. आमच्याकडे दुपारी कोणी येऊन आईशी दोन शब्द गोड बोलून गेलं, तर संध्याकाळची कडी उशिरा खडखडते. आणि ज्या दिवशी कोणी "मला ओळखलंत का?" अशी तोंडी परीक्षा घेतो, त्या दिवशी ती जेवत नाही. परीक्षा आठवत नाही, नापास झाल्याचं लक्षात राहतं.

आता मुख्य मुद्दा. दादाला मी तो श्राद्धाच्या दिवशीच सांगायला हवा होता, पण त्या दिवशी घरात वाद नको म्हणून गप्प बसले. अण्णा त्याला ओळखतात का? तीळ सोडले, पिंड ठेवले, उन्हात उभा राहिला. अण्णांनी मान हलवली? येऊन गेलास हे बरं झालं, असं म्हणाले? कावळ्यावर समाधान मानलंस. मेलेल्या बापाकडून ओळखीची अपेक्षा नाही आणि जिवंत आईने मात्र आधी नाव सांगायचं, मग तिच्याजवळ बसायचं? श्राद्धाची सगळी रचनाच अशी आहे, की देणाऱ्याने आठवायचं आणि घेणाऱ्याकडून पोचपावती मागायची नाही. गोत्र आपण म्हणायचं, नाव आपण घ्यायचं, तीन पिढ्या आपण मोजायच्या. जो आठवू शकतो त्याच्यावर आठवण्याचं ओझं, असा तो विधी आहे. हा विधी दादा चोख करतो. मग त्यातला हा भाग त्याच्या नजरेतून कसा निसटला?

जन्मतःच ब्राह्मणावर तीन ऋणं असतात, असं तैत्तिरीय संहितेत आहे: देवांचं, ऋषींचं, पितरांचं. यातलं एकही ऋण धनकोच्या लक्षात आहे म्हणून उभं नाही. ऋषींना आपण कोण हे कुठे माहीत आहे? गावातला सावकार म्हातारपणी वही विसरला म्हणून घेतलेलं कर्ज फिटत नाही. ते कुळाला माहीत असतं. खरं तर ऋणाची ही भाषा मला आईच्या बाबतीत फारशी आवडत नाही, कारण त्या भाषेत फिटण्याची सोय असते आणि फिटलं की मोकळं होण्याची घाई. पण दादाला ही भाषा कळते. तो बँकेत होता.

आपल्या मराठी देव्हाऱ्यात तर या विषयाचा अधिपतीच आहे. पुंडलिक. पंढरपुरात आधी चंद्रभागेच्या वाळवंटात त्याच्या समाधीला जायचं, मग वर विठ्ठलाकडे. जयघोषातही त्याचं नाव आधी. कथा सगळ्यांना माहीत आहे: आई-बापांना छळणारा, काशीच्या वाटेवर स्वतः बायकोसह घोड्यावर बसून म्हाताऱ्यांना पायी चालवणारा पोरगा, कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडतात, तो आई-बापांचे पाय चेपायला बसतो आणि देव दारात आला तरी उठत नाही, वीट फेकतो. कीर्तनकार नेहमी विटेपाशी थांबतात. मी अलीकडे त्या दोन म्हाताऱ्यांपाशी थांबते. सगळ्या कथेत ते एक अक्षर बोलत नाहीत. तुला क्षमा केली, असं म्हणत नाहीत. पोरगा सुधारला म्हणून आशीर्वादही देत नाहीत. त्यांचे पाय कोण चेपतंय हे त्यांना कळत होतं का, हेही कथा सांगत नाही. कथेला त्याची गरजच वाटली नाही. देवाला ताटकळत ठेवण्याइतकं मोठं जे काम होतं, ते करून घेणाऱ्याने ओळखलं की नाही हा प्रश्न तिथे उठतच नाही.

आमच्या सातारा जिल्ह्यात समर्थांची एक गोष्ट सांगतात. लग्नाच्या बोहल्यावरून पळालेला नारायण कित्येक वर्षांनी जांबेला घरी आला, तोवर रडून रडून त्याच्या आईची, राणूबाईंची, दृष्टी गेली होती. दारात उभा राहिलेला गोसावी आपलाच मुलगा, हे त्यांना दिसणार कसं? समर्थांनी हात फिरवला आणि दृष्टी परत आली, असं कथा पुढे सांगते. आमच्या दादाकडे तसा हात नाही, माझ्याकडेही नाही. पण त्या गोष्टीत ओळख पटवण्याची जबाबदारी कोणावर आहे ते पाहा. परत आलेल्यावर आहे.

अण्णा गेल्याचं मी आईला सांगत नाही. सुरुवातीला सांगायची. ती विचारायची, "हे कुठे गेले?" मी खरं सांगायची आणि ती पहिल्यांदाच ऐकावं तसं रडायची. पुन्हा संध्याकाळी विचारायची, पुन्हा रडायची. एकाच नवऱ्याचं वैधव्य तिला किती वेळा द्यायचं? डॉक्टर म्हणाले, दुरुस्त करत बसू नका. आता अण्णा बाजारात गेलेले असतात, नाहीतर घाटावर. मी संस्कृतची शिक्षिका, सत्यावर निबंध लिहून घेतलेत मुलांकडून. सुरुवातीला जीभ अडखळायची. मग कर्णपर्वातला कौशिक आठवला. सत्य बोलण्याचं व्रत घेतलेला तो तापस. दरोडेखोरांनी विचारलं आणि लपायला पळालेली माणसं कुठे गेली ते त्याने खरं सांगून टाकलं. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. ही गोष्ट सांगतो कोण, तर श्रीकृष्ण, आणि ऐकतो अर्जुन, जो एक प्रतिज्ञा खरी करण्यासाठी थोरल्या भावावर शस्त्र उचलून उभा आहे. सत्य म्हणजे जिभेची सवय नव्हे, ते कुणाच्या कामी येतं हे पाहावं लागतं. त्यात गेल्या श्राद्धाला एक मजा झाली. गुरुजी जेवून उठत होते. आईने विचारलं, "अण्णा जेवले का?" मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "जेवले. तृप्त झाले." आणि हे अगदी विधीला धरून होतं, श्राद्धात यजमान तृप्तीबद्दल विचारतो आणि जेवलेल्या ब्राह्मणांनी तसंच उत्तर द्यायचं असतं. त्या घरात त्या दिवशी एकाच वाक्याने आईही निश्चिंत झाली आणि शास्त्रही.

आता मला खरोखर छळणारी गोष्ट सांगते. आई जन्मभर हरिपाठ म्हणत आली. अंतकाळी ज्याचं स्मरण होईल ती गती मिळते, असं गीतेच्या आठव्या अध्यायात सांगितलंय, आणि आई ते धरून होती. "शेवटी तोंडात नाव यावं एवढंच मागणं," असं म्हणायची. आता तिला हरिपाठाची पोथी दाखवली तर ती तिच्याने पुसायला घेते. आठवणीवर मोक्ष टांगून ठेवलेल्या धर्मात, विसरण्याचा आजार झालेल्या भक्ताचं काय होतं?

पंधराव्या अध्यायात भगवंत म्हणतात की स्मृती आणि ज्ञान माझ्यापासून येतात, आणि त्यांचं जाणंही माझ्यापासूनच. आधी मी हा श्लोक शिकवताना या जाण्यावरून घाईने पुढे जायची. आता तिथेच अडते. विसरणंही त्याच्याकडूनच येत असेल, तर त्याची जबाबदारी त्याने घ्यावी. आणि दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांनी जपलेला एक श्लोक आहे, वराहावताराच्या तोंडचा, त्याला ते चरमश्लोक म्हणतात. त्यात देव ही जबाबदारी घेतोही. मन आणि शरीर धड असताना ज्याने माझं चिंतन केलं, तो मरताना लाकडासारखा, दगडासारखा पडलेला असला, त्याला माझी आठवण होत नसली, तरी मी त्याला आठवतो आणि पोचवतो, असा त्याचा आशय आहे. आठवायची पाळी आता देवाची. हे समजल्यापासून मी आईच्या हरिपाठाची काळजी सोडली.

पण अजामिळ सोडवत नाही. भागवताच्या सहाव्या स्कंधातली ती कथा आई श्रावणात सांगायची. बहकलेला ब्राह्मण, धाकट्या पोरात जीव अडकलेला, मरताना यमदूत दिसले म्हणून घाबरून लांब खेळणाऱ्या त्या पोराला हाक मारतो: नारायण! आणि विष्णुदूत धावत येतात. देवाला नव्हती, मुलाला होती ती हाक. तरी मोजली गेली. जुन्या लोकांनी मुलांची नावं देवाची का ठेवली ते कळतं. आमच्या आईने मुलाचं नाव माधव ठेवलं आणि मुलीचं सुमन. माझ्या नावाने कोणी तरून जाणार नाही. माझं नाव तर तिला आठवतही नाही. रोज पाच वाजता ती माधवाला हाक मारते, त्या हिशेबाने तिच्या तोंडी नाव आहेच, आणि ते पुरवलं कोणी, तर जो येत नाही त्याने. मला याचा थोडा रागच येतो. पण जे आहे ते आहे.

कथेत दोन गोष्टी आहेत ज्या श्रावणात आई सांगायची नाही. मी पुढे मुळातून वाचल्या. एक: अजामिळ जेव्हा भानावर येतो आणि पश्चात्ताप करतो, तेव्हा आपली पापं मोजताना तो हेही मोजतो, की ज्यांना दुसरं कोणी नव्हतं त्या म्हाताऱ्या आई-बापांना मी टाकलं. नामाने तरलेला तो प्रसिद्ध बाप स्वतः टाकून गेलेला मुलगा होता. पुढे तो गंगाद्वाराला जातो. आई-बापांचं काय झालं ते भागवत सांगत नाही. दुसरी गोष्ट: लांब खेळणारा तो छोटा नारायण बापाच्या हाकेला आला की नाही, तेही सांगितलेलं नाही. विष्णुदूत आले, यमदूत आले, लांबलचक धर्मचर्चा झाली. पोराचा पत्ता नाही.

आमच्याकडे हाकेला ओ देतात त्या मावशी. ब्यूरोकडून आलेल्या, जावळीतल्या मेढ्याकडच्या. आई त्यांना दिवसभरात चार नावांनी हाक मारते, त्या चारही नावांना ओ देतात. "माधवा!" अशी हाक आली की स्वयंपाकघरातून ओरडतात, "आलो, आलो! हातपाय धुतो!" आणि आई म्हणते, "किती वेळ रे." मग जरा वेळ बसते. मावशींना न्याय माहीत नाही, ऋणत्रय माहीत नाही. पगार घेतात आणि तो वेळेवर मिळावा असं त्यांचं म्हणणं असतं, जे रास्त आहे.

नात्यातल्या एकांनी मला सुचवलं की दादाला कायद्याचा बडगा दाखव. आई-वडिलांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे खरा. प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. म्हाताऱ्या माणसाला ते जमत नसेल तर त्याच्या वतीने दुसऱ्यालाही करता येतो. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहाचा आदेश होऊ शकतो, आणि म्हाताऱ्या माणसाला टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. ज्यांना पोटची पोरं बसस्थानकावर सोडून जातात त्यांच्यासाठी तो हवाच. पण दादा या कायद्यात बसत नाही. अन्न, वस्त्र, निवारा, औषध, चारही रकाने त्याने भरलेत. पाचवा रकाना त्या अर्जात नाही, आणि असता तरी मी भावाला प्रांतांपुढे उभा केला नसता.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. मागची भिंत बांधायला गवंडी कधी पाठवू, विचारत होता. मी म्हटलं, भिंत राहू दे, तू शनिवारी ये, पाचच्या आत ये. "मी कोण" विचारायचं नाही. "मी माधव" असंही सांगायचं नाही, ती वाद घालेल. तिचा माधव अर्ध्या चड्डीतला आहे. तिच्या पायाची नखं वाढलीत. मला खाली बसवत नाही आणि मावशींना ती पायाला हात लावू देत नाही. परक्या माणसाला लावू देईल, डॉक्टर समजून. तेवढी काप.

"आणि नाही लावू दिला तर?"

तर रविवारी पुन्हा बघ, म्हटलं. मुक्कामाची बॅग घेऊनच ये.